सानुग्रह की भरपाई? भंडाऱ्याची आग आणि सरकारी दवाखान्याची जबाबदारी

आज एका शब्दापासून सुरुवात करू. सानुग्रह. शासन निर्णयांत तो तुम्ही कितीतरी वेळा वाचला असेल. पूर आला, वीज पडली, बस दरीत कोसळली की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं : मृतांच्या वारसांना अमुक लाखांचं सानुग्रह अनुदान. आपण आकडा वाचतो आणि पुढे जातो. पण शब्द नीट फोडून बघा. त्याच्या पोटात ‘अनुग्रह’ आहे, म्हणजे कृपा. कृपा करणाऱ्याकडे हिशेब मागता येत नाही, आणि त्याने कृपा केली म्हणून चूक कबूल केली असंही होत नाही. नुकसानभरपाई हा शब्द वेगळा आहे. भरपाई म्हटली की कुणाचं तरी देणं लागतं, आणि ते का लागतं हे कुणाला तरी लिहून सांगावं लागतं.

माझ्या संशोधनाचा मोठा भाग या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दल आहे. आज ते भंडाऱ्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

९ जानेवारी २०२१, शनिवार. मध्यरात्र उलटून दीडच्या सुमाराला भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. दवाखान्यात त्याला सगळे ‘एसएनसीयू’ म्हणतात. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. शासनाने तेव्हा सांगितलं की तीन बाळं भाजून आणि सात धुरात गुदमरून गेली. पुढे चौकशीच्या आधारे सांगण्यात आलं की आगीची सुरुवात एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधून झाली.

या कक्षाच्या रचनेतली एक गोष्ट लक्षात ठेवा. एसएनसीयूचे दोन भाग असतात. त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळं ‘इनबॉर्न’ भागात, आणि घरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दुसऱ्या दवाखान्यात जन्मून मग आणलेली बाळं ‘आउटबॉर्न’ भागात. बाहेरून येणाऱ्या बाळांसोबत जंतुसंसर्ग येऊ नये म्हणून ही विभागणी. वाचलेली सात बाळं इनबॉर्न भागातली होती, गेलेली दहा आउटबॉर्नमधली. जिल्ह्यात दुसरीकडे कुठे सोय नाही म्हणून ज्यांना इथवर आणलं होतं, तीच ही बाळं. ‘सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवरचं अवलंबित्व’ असं आपण प्रबंधात लिहितो ना, ते भंडाऱ्यात या दोन खोल्यांत दिसतं.

त्यानंतरचा क्रम महाराष्ट्रात आता पाठ झालेला आहे. राज्याकडून प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून दोन लाख जाहीर झाले, सानुग्रह. मुख्यमंत्री येऊन गेले. चौकशी समिती नेमली गेली. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. जानेवारी संपण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि काही कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवली गेली. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, गुन्हा नोंदवला गेला. (गुन्हा नोंदवणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. लेख लिहिताना हे वाक्य कधीही गाळू नका.)

एका बाजूला कृपा आहे आणि दुसऱ्या बाजूला फौजदारी खटला आहे. मधली जागा रिकामी आहे, आणि त्या जागेवर एक साधा प्रश्न बसायला हवा होता : इमारत सरकारची, वायरिंग सरकारचं, रात्रपाळीला किती माणसं ठेवायची हे ठरवणारं सरकार, तर मग सरकारचं देणं लागतं का?

हा प्रश्न नवा नाही. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली आहेत, आणि गंमत म्हणजे तो एका घोड्यापासून सुरू होतो.

कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा मोठा तुकडा वाहून नेत होते. तो खाली पडला, त्या आवाजाने एका बग्गीचे घोडे बिथरले आणि त्यातला एक जखमी झाला. बग्गी पी अँड ओ या आगबोट कंपनीची होती. कंपनीने सरकारवर ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये कोलकात्याच्या न्यायालयाने तो मान्य केला, पण सोबत एक फरक करून ठेवला. जे काम एखादी खाजगी संस्थाही करू शकते, त्यात नुकसान झालं तर सरकार देणं लागतं. जे काम फक्त राज्यसत्तेलाच करता येतं, त्यात नाही. या दुसऱ्या प्रकाराला ‘सार्वभौम कार्य’ म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद ३०० मुळे ही जुनी चौकट स्वातंत्र्यानंतरही चालत राहिली. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात तिचं टोक दिसलं. मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं, ते घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जप्ती हे सार्वभौम कार्य आहे, तेव्हा भरपाई नाही.

मग सरकारी दवाखाना चालवणं कशात मोडतं? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दिलं. तुम्ही आरोग्य आणि कायदा यावर काहीही लिहिणार असाल, तर तो मुळातून वाचा. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाईची प्रसूती झाली, तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, आणि पोटात टॉवेल राहून गेला. पोट पुन्हा उघडलं तेव्हा तो सापडला. त्याच महिन्यात ती गेली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये देववले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, तारीख २० फेब्रुवारी १९९६. १९६३ ते १९९६ : दावा उभा राहून निकाल लागेपर्यंत एक पिढी गेली.

पण निकालात जे म्हटलं आहे ते मोलाचं आहे. दवाखाना चालवणं हे सार्वभौम कार्य नाही, तेव्हा ‘आम्ही सरकार आहोत’ एवढं म्हणून सुटका होत नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं. टॉवेल नेमका कुणाच्या हातून राहिला, पहिल्या डॉक्टरच्या की दुसऱ्याच्या, हे बोट ठेवून दाखवता आलं नाही तरी चालतं. पोटात टॉवेल सापडतो याचाच अर्थ निष्काळजीपणा झाला, आणि करणारे सगळे सरकारचे नोकर, म्हणून सरकार जबाबदार. म्हणजे दिवाणी कायद्याला दोषी माणूस शोधावा लागत नाही, त्याला संस्थेची चूक पुरते. फौजदारी कायद्याचं उलट आहे. त्याला माणूस हवा असतो, त्याचं नाव हवं असतं, त्या रात्री तो कुठे होता हे हवं असतं. खोडवा प्रकरण डोळ्यांपुढे ठेवून भंडाऱ्याकडे पाहिलं की आपण किती सहज दुसऱ्या वाटेला लागलो ते कळतं.

त्याच वर्षी, मे १९९६ मध्ये, दुसरा मोठा निकाल आला : पश्चिम बंग खेत मजदूर समिती. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खाजगीत उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने २५,००० रुपये देववले आणि सांगितलं की वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला त्यातून सोडवत नाही. हा निकाल नेट-सेटच्या प्रत्येक गाईडमध्ये सापडतो. खोडवा मात्र क्वचित सापडतो. मला वाटतं याचं कारण असं की हक्काची भाषा भाषणात शोभते, दिवाणी जबाबदारीची भाषा कारकुनी वाटते. पण भंडाऱ्यासारख्या ठिकाणी कारकुनी भाषाच जास्त कामाची आहे, असं माझं मत आहे.

आता एक अडचण बघा. या दोन निकालांच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता हा निकाल आला होता. त्याने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यातच एक अपवाद आहे : जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तिथला रुग्ण ‘ग्राहक’ नाही. आजारी नवजात बाळांवरचा उपचार सरकारी रुग्णालयांत २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. म्हणजे साकोलीहून किंवा लाखांदूरहून बाळ घेऊन आलेल्या आईबापासमोर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे का, इथेच वाद सुरू होतो. नागपूरच्या खाजगी दवाखान्यात तेच घडलं असतं तर हा प्रश्न पडला नसता. जो पैसे देऊ शकतो त्याला स्वस्त आणि जवळचं न्यायपीठ, जो देऊ शकत नाही त्याला दिवाणी न्यायालय नाहीतर थेट उच्च न्यायालय. कुणी मुद्दाम असं ठरवलं असं मी म्हणत नाही. पण परिणाम हा आहे.

खाजगी-सरकारी हा फरक नियंत्रणाच्या कायद्यांतही आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते, आणि तो सरकारी दवाखान्यांना लागू नाही. (तो कायदा झाला तेव्हा भंडारा मुंबई प्रांतात नव्हताच, मध्य प्रांतात होता. जुनी कागदपत्रं शोधताना मुंबईच्या अभिलेखागारात हात हलवत परत येऊ नये म्हणून हे सांगून ठेवते.) केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. उरतो राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६. तो सरकारी इमारतींनाही लागतो. मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा बसवायची, चालू ठेवायची, आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती ठीक असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. कायद्यात लिहिलेलं आहे, स्पष्ट आहे. मात्र इथे मालक सरकार, भोगवटादार सरकार, निधी मंजूर करणारं सरकार, आणि तपासणारी नगरपालिकाही शेवटी सरकारच्याच निधीवर. घटनेच्या वेळी वर्तमानपत्रांत ठळक आलं होतं की आग विझवण्याच्या यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेलेला होता. त्या एका प्रस्तावाचा प्रवास, कोणत्या टेबलावर किती दिवस, एवढाच एखाद्या चांगल्या शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत (१३ जून १९९७, ५९ मृत्यू) हीच गाठ आली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा बोजा चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळ यांच्यावर ठेवला. परवाना देणारे आणि महापालिका यांना त्यातून सोडलं. तपासणीत हयगय झाली म्हणून तपासणारा लगेच भरपाईला पात्र होत नाही, असा त्याचा रोख. आता भंडाऱ्यात हा निकाल लावून बघा. तिथे मालक आणि तपासणारा वेगळे काढता येतात का? उपहारचा आधार कुणी सरकारच्या बाजूने दिला, तर तुमचं उत्तर इथे आहे.

न्यायालयांना हा धोका दिसत नव्हता असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये राजकोटच्या एका कोविड रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि १८ डिसेंबर २०२० ला आदेश दिला : प्रत्येक जिल्ह्यात समिती, दर महिन्याला कोविड रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी, ज्यांच्याकडे ना-हरकत दाखला नाही त्यांनी तो घ्यावा. भंडाऱ्याची आग त्यानंतर बाविसाव्या दिवशी लागली. आदेशाचे शब्द मात्र कोविड रुग्णालयांबद्दल होते. त्याच जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्ष त्यात मोडतो का? शब्दाला धरून चालणारा अधिकारी नाही म्हणेल, हेतूला धरून चालणारा हो म्हणेल. न्यायालयाचा आदेश समोरच्या संकटाच्या आकाराचा असतो, पुढचं संकट त्याच आकाराचं येतंच असं नाही. आदेश आणि अंमलबजावणी यांतल्या दरीबद्दल लिहिताना आपण बहुतेकदा ‘प्रशासनाची उदासीनता’ असं लिहून मोकळे होतो. तसं लिहिण्याआधी आदेशाचा शब्दन् शब्द वाचा. कधी कधी दरी आदेशातच असते.

दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्याच दिवशी ११ रुग्ण गेले. हा कोविडचा विभाग होता. आणि पुन्हा तीच वाट : चौकशी समिती, निलंबन, मग एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक. दोन्हीकडे कारवाईची सर्वांत कठोर बाजू खाटेजवळ उभ्या असलेल्या बायकांवर आली. त्यांची चूक असेल किंवा नसेल, ते न्यायालय बघेल. माझा मुद्दा वेगळा आहे. फौजदारी तपास जितका खाटेजवळ येतो तितका तो मंत्रालयापासून लांब जातो, कारण पुरावा खाटेजवळ असतो. धोरणाचा पुरावा फायलीत असतो, आणि ती फाईल मागणारं कुणी लागतं.

ती फाईल मागितली गेल्याचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदं किती, औषधखरेदी कशी होते, आरोग्यावर खर्च किती, असं थेट राज्याला विचारलं. इथे प्रश्न संस्थेला होता, ड्यूटीवरच्या माणसाला नव्हता. जनहित याचिकेची ताकद ही आहे, मर्यादाही तीच. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून उच्च न्यायालयात आहे, आणि २०२० नंतरही त्यावर सुनावण्या चालूच होत्या. न्यायालय विचारतं, राज्य प्रतिज्ञापत्र देतं, पुढची तारीख पडते. त्यातून व्यवस्था हळूहळू हलते, पण ज्या घरातलं मूल गेलं त्या घराच्या हाती काही येत नाही.

साधनांबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या टप्प्यावर आहात. चौकशी समिती आणि चौकशी आयोग यांत गल्लत करू नका. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमला तर अहवाल सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या टिपणासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. भंडाऱ्यासारखी प्रशासकीय समिती नेमली की असं बंधन नसतं. मंत्री पत्रकार परिषदेत जेवढं सांगतात तेवढंच बाहेर येतं. माहिती अधिकारात मागितलं तर कलम ८ (१) (ज), म्हणजे तपासात अडथळा येईल, हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवा, आणि त्यावर अपील करण्याचीही. तपास चालू आहे एवढं सांगणं पुरत नाही, अडथळा कसा येईल हे त्यांनी दाखवायचं असतं. विधानसभेतली प्रश्नोत्तरं आणि महालेखापालांचे आरोग्यावरचे अहवाल यांना मात्र कुणी अडवत नाही, आणि नवे संशोधक तिकडे फिरकतही नाहीत. भंडाऱ्याच्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, हेही लक्षात असू द्या.

आता कायदा पुढे कुठे गेला ते बघा, कारण दोन बदल असे झाले आहेत की त्यावर मराठीत अजून फारसं लिहिलं गेलेलं नाही.

पहिला बदल १ जुलै २०२४ चा. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडला तर दोन वर्षांपर्यंत. सवलत डॉक्टरांसाठी आहे हे सगळ्यांनी वाचलं. कलमाखालचं स्पष्टीकरण कमी जणांनी वाचलं. ज्याचं नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे, तोच व्यावसायिक. परिचारिकांची नोंदवही वेगळी आहे. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच रात्री, एकाच चुकीसाठी डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि परिचारिकेला पाच. भंडारा आणि अहमदनगरमध्ये गुन्हे कुणावर दाखल झाले ते आठवा आणि मग हे कलम पुन्हा वाचा.

दुसरा बदल १५ ऑगस्ट २०२३ चा. त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळेच उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शांता निकालात एक बारीक गोष्ट होती : ज्या दवाखान्यात काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट देतात, तिथला फुकटचा रुग्णसुद्धा ग्राहक ठरतो. २०२३ आधी जिल्हा रुग्णालयांत काही सेवांना शुल्क होतं, म्हणून रुग्णाच्या वकिलाला या वाक्याला धरून निदान युक्तिवाद करता येत होता. आता शुल्कच नाही, तर तो युक्तिवाद कशाला धरून करायचा? आणि मोफत उपचारांचा खर्च कररूपाने आपणच देतो, या मुद्द्यावर शांता निकालाचा फेरविचार मागता येईल का? त्या निकालाने करदात्याचा मुद्दा तेव्हा मान्य केला नव्हता, पण तो १९९५ चा काळ होता. कुणाला सिनॉप्सिससाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या. सुरुवात राज्य ग्राहक आयोगाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालांपासून करा, सरकारी रुग्णालय विरुद्ध पक्ष असलेली प्रकरणं वेगळी काढा, आणि १५ ऑगस्ट २०२३ च्या आधीची आणि नंतरची असे दोन गठ्ठे करा.